चोरट्या मासेमारीमुळे कोटा कापला गेला, तर कोणाच्या वाट्याला किती?

आपण मूळच्या बडोद्याच्या आहात आणि सध्या युरोपीय संघातील एका देशात, अटलांटिकच्या काठावर, मॅकरेल (बांगड्याच्या जातकुळीचा मासा) पकडणाऱ्या बोटींच्या उत्पादक संघटनेचे हिशेब पाहता. संघटनेच्या वीस बोटींपैकी काहींनी नोंदीत दाखवला त्यापेक्षा पुष्कळ जास्त मासा बंदरात उतरवला, ते उघडकीस आले आणि आता पुढील काही वर्षे संघटनेचा कोटा, म्हणजे वर्षाला पकडता येणाऱ्या माशाची ठरलेली मर्यादा, कापला जाणार आहे. ही कपात सभासदांत कशी वाटावी, याचे टिपण आपल्याला येत्या बैठकीत मांडायचे आहे. एक गट म्हणतो की सगळ्यांनी सारख्याच टक्क्याने सोसावे. दुसरा म्हणतो की आम्ही चोरी केलेली नाही, तेव्हा आमच्याकडून एक किलोही मागू नका. बडोद्याहून आपले वडील विचारतात की करील तो भरील, यात एवढे अवघड काय आहे?

वडिलांना ते सोपे का वाटते, हे आधी सांगतो, कारण त्यातच अडचणीचे मूळ आहे. आपल्याकडे वेरावळला किंवा पोरबंदरला समुद्रातील मासेमारीला टनांचा कोटा नसतो. तेथील नियमन परवान्यावर, जाळ्याच्या आसाच्या (छिद्रांच्या) मापावर, किनाऱ्यापासूनच्या अंतरावर आणि हंगामबंदीवर चालते. पश्चिम किनाऱ्यावर केंद्राची बंदी १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची असते आणि काही राज्ये ती वाढवतात. त्या दिवसांत कोणी बोट बाहेर काढली, तर मासा त्याचा जप्त होतो, दंड त्याला होतो आणि शेजारच्या तांडेलाचे काही जात नाही. गुन्हा आणि भरपाई एकाच माणसापाशी थांबतात. कोट्याच्या पद्धतीत मात्र समुद्रातून किती मासा काढायचा, याचे खाते सगळ्यांचे मिळून एक असते. त्या खात्यातून कोणी चोरून उचल केली, तर शिल्लक सगळ्यांची कमी होते. आणि उचल चोरून केलेली असल्यामुळे ती नेमकी कोणी व किती केली, याची पावती कोठेच नसते.

म्हणून आपला खरा प्रश्न टक्क्यांचा नाही. संघटनेसमोर एकाच वेळी दोन वेगळे हिशेब आले आहेत आणि बैठकीत ते एकमेकांत मिसळले जात आहेत. पहिला हिशेब माशाच्या साठ्याचा आहे: जितका मासा जादा काढला, तितका पुढच्या वर्षांत समुद्रात राहू द्यायचा. ही परतफेड आहे. तिच्यात कोणाला शिक्षा करण्याचा हेतू नाही आणि ती कोणी तरी केलीच पाहिजे. दुसरा हिशेब अपराधाचा आहे. तो न्यायालयाने, परवाना देणाऱ्या खात्याने किंवा संघटनेच्या शिस्त समितीने पाहायचा. ‘सगळ्यांनी सारखे सोसावे’ म्हणणारे लोक परतफेडीबद्दल बोलत असतात आणि ‘आमच्याकडून काही मागू नका’ म्हणणारे शिक्षेबद्दल. दोघेही आपापल्या जागी प्रामाणिक असू शकतात. टिपणाच्या पहिल्याच परिच्छेदात हे दोन हिशेब वेगळे करा, म्हणजे निम्मा आरडाओरडा कमी होईल.

पुढचे सगळे तीन गोष्टींवर अवलंबून आहे आणि त्या मला येथून दिसत नाहीत: आपल्या देशाचा कायदा संघटनेला सभासदाचा कोटा कापण्याचा अधिकार देतो का, संघटनेच्या घटनेत सामूहिक जबाबदारीचे कलम आहे का, आणि कोणत्या बोटीविरुद्ध किती पक्का पुरावा आहे. युरोपीय नियमाचा येथे फारसा आधार मिळत नाही, कारण तो देशापर्यंत येऊन थांबतो. युरोपीय संघाच्या २००९ च्या नियंत्रण नियमावलीने देशाच्या कोट्यातून वजावट कशी करायची, ते ठरवले. देशाच्या आत ती कोणाच्या माथी मारायची, हे तिने त्या त्या देशावर सोडले.

त्या वजावटीचे गणित मात्र टिपणात आले पाहिजे, कारण निम्म्या सभासदांना ते माहीत नसते. जादा मासा कोट्याच्या ५ टक्क्यांपर्यंत असेल, तर जेवढ्यास तेवढे परत द्यावे लागते. १० टक्क्यांपर्यंत त्याला १.१ ने गुणतात, २० पर्यंत १.२ ने, ४० पर्यंत १.४ ने, ५० पर्यंत १.८ ने आणि त्यापुढे थेट दुपटीने. मागील दोन वर्षांतही हेच घडले असेल, तर आणखी वेगळा गुणक लागतो. या नियमावलीत २०२३ मध्ये दुरुस्त्या झाल्या आहेत, तेव्हा आपल्या वर्षाला लागू असलेला तक्ता मूळ मजकुरातून उतरवून घ्या. दुपटीचे उदाहरण स्पेनचे आहे. २०१० मध्ये त्या देशाने मॅकरेलच्या सुमारे २४,६०० टनांच्या कोट्यावर १९,६०० टनांहून अधिक जादा मासा पकडला आणि परतफेड ३९,००० टनांच्या वर गेली. ती २०११ पासून पुढे अनेक वर्षांवर पसरावी लागली.

या तक्त्यातील एक बारकावा वाटपाच्या दृष्टीने फार महत्त्वाचा आहे. गुणक एकूण जादा माशावर ठरतो, एकेका बोटीच्या माशावर नाही. ज्याने चार टन लपवले आणि ज्याने चारशे टन लपवले, त्या दोघांना एकच गुणक लागतो. आणि तो वर चढतो तो चारशे टनवाल्यामुळे. तेव्हा मूळ जादा मासा आणि गुणकामुळे वाढलेला बोजा हे दोन आकडे नेहमी वेगळे लिहावेत.

आता एक काल्पनिक हिशेब मांडतो. सोयीसाठी आपल्या संघटनेलाच देश समजू. वीस बोटी, प्रत्येकीचा कोटा ५०० टन, एकूण १०,००० टन. जादा मासा ३,००० टन, म्हणजे ३० टक्के; गुणक १.४; परतफेड ४,२०० टन. यातील २,१०० टन मासा चार बोटींनी प्रत्येकी ५२५ याप्रमाणे लपवला, हे कागदोपत्री सिद्ध झाले आहे. उरलेले ९०० टन कोणाचे, ते कळत नाही. सारख्या टक्क्याने वाटले, तर प्रत्येक बोटीच्या वाट्याला २१० टन येतात; पाच वर्षांत वर्षाला ४२ टन. ऐकायला सौम्य वाटते. पण चार दोषी बोटींचा जमाखर्च पाहा: त्यांनी ५२५ टन उचलले आणि २१० टन परत केले. प्रत्येकीच्या पदरात ३१५ टन मासा उरला आणि तो सोळा निर्दोष बोटींच्या कोट्यातून फेडला गेला. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच, आणि तेही ठराव करून, हात वर करून.

उलट सगळे ४,२०० टन चार बोटींवर घातले, तर प्रत्येकीवर १,०५० टन येतात, म्हणजे दोन वर्षांचा सगळा कोटा आणि वर थोडे. ही मागणी न्याय्य वाटते, पण दोन ठिकाणी ती टिकत नाही. सिद्ध न झालेल्या ९०० टनांचा भार केवळ पकडले गेले म्हणून त्यांच्यावर घालता येत नाही. न्यायालयात हे पहिल्याच सुनावणीत मोडते. शिवाय अशा बोटी दोन वर्षे धक्क्याला बांधून पडतात, कर्जाचा हप्ता थांबतो, मालक दिवाळे काढतो आणि न फिटलेली परतफेड पुन्हा उरलेल्या सोळा बोटींच्या गळ्यात येते.

मी सुचवतो ती पद्धत यांच्या मधली आहे, पण ती तडजोड म्हणून नव्हे. सिद्ध झालेला मासा ज्याचा त्याने त्याच्या गुणकासह फेडायचा: चार बोटींवर २,१०० आणि त्यावरचे ८४०, मिळून २,९४० टन. सिद्ध न झालेले ९०० टन गुणकासह १,२६० होतात. ते वीसही बोटींनी कोट्याच्या प्रमाणात वाटून घ्यायचे, म्हणजे प्रत्येकी ६३ टन. दोषी बोटीवर एकूण ७९८ टन येतात, निर्दोष बोटीवर ६३. पाच वर्षांत पसरले, तर दोषी बोटीचा वर्षाला सुमारे १६० टन, म्हणजे ३२ टक्के कोटा जातो. निर्दोष बोटीचे साडेबारा टन, अडीच टक्के. एका वर्षात कोणत्याही बोटीचा एक तृतीयांशाहून अधिक कोटा जाऊ नये, अशी मर्यादा मी बहुतेक ठिकाणी घालतो, कारण त्यापुढे मालक बोट चालवण्यापेक्षा विकण्याचा विचार करू लागतो. मुदतीने फेडणे यात काही वावगे नाही. बाल्टिक समुद्रातील कॉडच्या २००७ मधील जादा मासेमारीबद्दल पोलंडला सुमारे ८,००० टन फेडायचे होते, तेव्हा पहिल्या वर्षी १० टक्के आणि पुढील तीन वर्षे प्रत्येकी ३० टक्के, असा हप्ता ठरला होता.

निर्दोष बोटींनी ते ६३ टन तरी का द्यावेत, हा प्रश्न बैठकीत नक्की येईल आणि त्याचे उत्तर तयार ठेवा. सभासदांच्या कोट्यावर आणि नोंदींवर देखरेख ठेवणे हे अनेक देशांत अशा संघटनेच्या कामांपैकी एक असते. त्या देखरेखीतील त्रुटीची किंमत संघटनेची आहे आणि संघटना म्हणजे सगळे सभासद. पण ज्या बोटींनी आपण होऊन कॅमेरे बसवले होते किंवा निरीक्षक बोटीवर घेतला होता, त्यांना या ६३ टनांतूनही सूट द्यावी, असे माझे मत आहे. त्यांनी देखरेखीचा आपला वाटा आधीच उचललेला आहे. त्यांचे टन बाकीच्यांवर वाटले, तर आकडा फार बदलत नाही आणि पुढच्या वर्षी कॅमेरा मागणाऱ्या बोटींची रांग लागते.

आता पुराव्याकडे वळू, कारण २,१०० आणि ९०० यांच्यातील रेघ कोठे ओढायची, यावर सगळे अवलंबून आहे. बोटीचे लॉगबुक पाहून काही हाती लागत नाही. ज्याला लपवायचे आहे, तो तेथेच लपवतो. मी नेहमी धक्क्यापलीकडच्या कागदांपासून सुरुवात करतो. मोठ्या मॅकरेल बोटीतील मासा थंड समुद्रपाण्याच्या टाक्यांत असतो आणि तो पंपाने, पाण्यासकट, थेट कारखान्यात ओढला जातो. जाळीवर पाणी निथळते, मासा पट्ट्यावरून काट्यावर जातो आणि उरलेल्या पाण्यापोटी वजनातून थोडी वजावट करतात. चोरीची सर्वांत साधी जागा ही वजावट आहे. एकाच कारखान्यात, एकाच आठवड्यात, एका बोटीची वजावट दुसरीच्या तिप्पट दिसली, तर त्या बोटीचा मासा अधिक ओला नव्हता, तिचा हिशेब ओला होता. त्यानंतर कारखान्याने किती खोकी विकत घेतली, किती गोठवलेला माल गोदामात गेला आणि त्या दिवशी विजेचा वापर किती झाला, हे उतरवणीच्या तारखांशी जुळवायचे. या कागदांपैकी कोणताही एकटा पुरावा होत नाही. तिन्ही एकाच तारखेला एकाच बोटीकडे बोट दाखवत असतील, तर तो मासा मी सिद्ध झालेल्या रकान्यात घालतो. दोनच दाखवत असतील, तर तो सामाईक रकान्यात जातो. ही रेघ कागद उघडण्याआधी ठरवून बैठकीत मंजूर करून घ्या. कागद पाहून झाल्यावर ठरवली, तर प्रत्येकाला ती आपल्याविरुद्ध ओढलेली वाटते.

स्कॉटलंडच्या प्रकरणात हेच दिसले. तेथे २००० नंतरच्या काही वर्षांत मॅकरेल आणि हेरिंग मोठ्या प्रमाणावर नोंदीबाहेर उतरवले गेले. कारखान्यांत छुपे नळ आणि वेगळे काटे सापडले. २०१२ मध्ये अनेक तांडेलांना न्यायालयाने दंड केले आणि बेकायदा कमाई जप्त करण्याचे आदेश दिले. पण कोट्याची परतफेड त्यासाठी थांबली नव्हती: ब्रिटन आणि आयर्लंड यांच्या मॅकरेलच्या कोट्यातील वजावट २००७ ते २०१२ अशी आधीच सुरू झाली होती. खटल्याचा निकाल लागेपर्यंत परतफेडीचा निम्म्याहून अधिक काळ सरलेला असतो. म्हणून टिपणात तात्पुरत्या वाटपाची आणि नंतरच्या जमाखर्चाची सोय ठेवा: आज सामाईक रकान्यात घातलेला मासा उद्या एखाद्या बोटीवर सिद्ध झाला, तर तिच्या पुढील कोट्यातून तो बाकीच्यांना परत मिळेल.

पुराव्याची ताकद वाटपावर कसा परिणाम करते, याचे राष्ट्रांच्या पातळीवरील उदाहरण दक्षिणी ब्लूफिन टुनाचे आहे. जपानच्या बाजारातील विक्रीचे आकडे तपासले, तेव्हा नोंदवलेल्या पकडीपेक्षा कितीतरी जास्त टुना वर्षानुवर्षे विकला गेल्याचे दिसले. २००६ मध्ये संबंधित आयोगाने एकूण मर्यादा १४,९२५ टनांवरून ११,८१० टनांवर आणली आणि जपानचा वाटा ६,०६५ टनांवरून ३,००० टनांवर आला. ऑस्ट्रेलियातील टुनापालनाच्या पिंजऱ्यांत जाणाऱ्या माशाच्या मोजणीवरही त्याच काळात शंका घेतली गेली होती. ती निर्णायकपणे सिद्ध झाली नाही आणि त्या देशाचा ५,२६५ टनांचा वाटा तसाच राहिला. म्हणजे घट जवळजवळ पूर्णपणे पुराव्याच्या मागे गेली, सर्वांना सारख्या टक्क्याने लागली नाही. जपानने त्याच सुमारास आपल्या ताफ्यात बोटीगणिक कोटा लागू केला, हेही आपल्या सभासदांना सांगण्यासारखे आहे.

सामूहिक जबाबदारी टोकाला नेली तर काय होते, हे अमेरिकेतील न्यू बेडफर्डला दिसले. तेथील मासेमारी गटांचे सभासद गटाच्या जादा पकडीला आणि खोट्या नोंदींना एकत्रितपणे जबाबदार असतात. कार्लोस राफेल या बड्या बोटमालकाने माशांच्या जातींची नावे बदलून खोट्या नोंदी केल्या. २०१७ मध्ये त्याला ४६ महिन्यांची कैद झाली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये सरकारने त्याच्या बोटी ज्या गटात होत्या, त्या नवव्या गटाची मान्यताच काढून घेतली. गट ठप्प झाला. खलाशी आणि बर्फ, जाळी, डिझेल पुरवणारे व्यापारी घरी बसले. त्या सरकारी निर्णयाला मी चूक म्हणणार नाही, कारण गटाने स्वतः हिशेब लावला नव्हता. आपली संघटना स्वतः वाटप करत आहे, ते यासाठीच मोलाचे आहे.

खलाशांचा विषय आला आहे, तर आणखी थोडे. त्यांचा पगार माशाच्या वाट्यावर असतो. दोषी बोटीचा ३२ टक्के कोटा गेला, की खलाशाचीही जवळपास तितकीच मिळकत जाते. चोरीच्या दिवसांत त्यालाही वाटा मिळाला होता, असा युक्तिवाद होतो. पण काटा फिरवण्याचा निर्णय त्याचा नव्हता आणि नाही म्हणण्याची त्याला सोय नव्हती. कोट्याच्या वाटपात याचा इलाज नाही. मात्र दोषी मालकाने कपातीच्या काळात खलाशांचा किमान पगार स्वतःच्या हिश्श्यातून द्यावा, अशी अट शिस्त समितीला घालता येते.

काही मालक म्हणतील की मासा नको, पैसे घ्या. न्यूझीलंडमध्ये जादा माशाबद्दल ठरावीक दराने रक्कम भरण्याची पद्धत आहे हे खरे, पण ती तेथील सरकारची चौकट आहे आणि आपल्याला लागलेली वजावट टनांत आहे. पैशाने कोटा वाढत नाही. दोषी मालकाने बाजारातून दुसऱ्याचा कोटा भाड्याने घेऊन संघटनेकडे जमा केला, तर ती परतफेड म्हणून जरूर धरावी, कारण तो मासा खरोखरच समुद्रात राहतो. बोटींचे आकार आपल्याकडे फारच असमान असतील, तर लहान बोटींना सामाईक रकान्यातून एका ठरावीक टनांपर्यंत सूट द्यावी. आपण आकार कळवलेले नाहीत, म्हणून येथे अधिक लिहीत नाही.

शेवटचा मुद्दा विक्रीचा आहे आणि टिपण त्यावरच फसण्याची शक्यता सर्वांत जास्त आहे. कपात होणार असे कानावर येताच दोषी मालक कोटा विकू लागतात. परतफेड मालकाच्या नावावर लिहिली, तर तो कोटा विकून मोकळा होतो. कोट्यावर लिहिली, तर काही न जाणणारा खरेदीदार अडकतो. माझ्या मते ती कोट्यावरच लिहावी, पण संघटनेच्या नोंदवहीत त्या कोट्यासमोर बोजा म्हणून, टन आणि वर्षे यांसह, तपासाची नोटीस आली त्याच दिवसापासून दिसली पाहिजे. मग खरेदीदार किंमत त्या बोज्यासकट ठरवतो आणि नुकसान विकणाऱ्याच्याच खिशातून जाते. नोटिशीनंतर आणि बोजा नोंदवण्याआधी झालेले व्यवहार आपल्याकडे किती आहेत, ते बैठकीपूर्वी मोजून ठेवा आणि त्यांच्यासाठीच्या कलमाचा मसुदा वकिलाला दाखवा. बाकीचे टिपण आपण स्वतः लिहू शकाल.